एचओएवालं घर घ्यावं का? डॅलसच्या उत्तरेला दोन घरं समोर आहेत

उंबरठा:

नमस्कार मंडळी. सहा वर्षं भाड्याने राहून आता घर घ्यायला निघालोय, आणि दोन घरांपाशी अडलोय. एक प्लेनोमधलं, १९८४ सालचं, विटांचं, परसात पिकॅनची दोन मोठी झाडं. एचओए (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) नाही. दुसरं सेलायनामधलं, नव्या वसाहतीत. पूल, क्लबहाउस, फिरायला पायवाट, आणि वर्षाला ९०० डॉलर एचओए. वसाहत अजून जेमतेम अर्धी बांधून झाली आहे, बाकी बिल्डरचं काम चालूच आहे.

मी पुण्यात सोसायटीत वाढले. बाबा अकरा वर्षं सेक्रेटरी होते. पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं, थकबाकीदारांची यादी, सगळं आमच्या जेवणाच्या ताटावर व्हायचं. म्हणून मला समिती नावाच्या गोष्टीची भीती नाही. पण इथे लोक एचओएबद्दल ज्या सुरात बोलतात त्याने धास्ती वाटते. ऑफिसातल्या एकीला कचऱ्याचा डबा संध्याकाळपर्यंत बाहेर राहिला म्हणून पत्र आलं. नवरा म्हणतो, एचओए असली की घराची किंमत टिकते.

आणि खरं सांगू का, माझा जीव भलत्याच ठिकाणी अडकलाय. आई-बाबा दर वर्षी पाच-सहा महिने आमच्याकडे असतात. आईला दारात तुळस लागते, तोरण लागतं. त्यावर कुणी बोट ठेवलं तर मला ते सहन होणार नाही.

तुम्ही काय पाहून ठरवलंत?

मांडव:

आम्ही बारा वर्षं एचओएशिवाय राहतोय आणि सुखी आहोत. पुढच्या अंगणात दोडक्याचा मांडव आहे, दार निळं आहे, मागे शेड बांधली. शहराची परवानगी लागली तिथे घेतली, बाकी कुणाला विचारलं नाही.

दुसरी बाजूही सांगते. शेजारचं घर भाड्याने गेलं आणि ड्राइव्हवेत एक मोडकी बोट दोन वर्षं पडून होती. गवत फार वाढलं की शहराचे लोक येऊन नोटीस लावायचे, तेवढंच. बोटीसाठी मी स्वतः तीनदा दार ठोठावलं. एचओए नसली तर बोलायला आपणच जावं लागतं, याची तयारी ठेवा. माझं मत प्लेनोला.

जमाखर्च:

उंबरठा, मी याच भागात एका वसाहतीच्या बोर्डावर तीन वर्षं खजिनदार होते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी तुळस. टेक्सासमध्ये पूर्वी एचओएला बंधन एवढंच होतं की दारावर किंवा चौकटीवर लावलेल्या छोट्या धार्मिक वस्तूला मनाई करता येणार नाही, तीही सगळं मिळून २५ चौरस इंचांपर्यंत. तेवढ्यात एक बरं तोरणही मावत नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता श्रद्धेने मांडलेली धार्मिक वस्तू आपल्या जागेत कुठेही ठेवता येते. अपवाद आहेत: कुणाला धोका होईल अशी नको, एचओएच्या सामाईक जागेत नको, हद्दीलगत सोडायच्या पट्ट्यात नको. आईंना सांगा, दारात तुळस बिनधास्त ठेवा.

तुम्ही सोसायटीत वाढलात म्हणून एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे इमारत सोसायटीची, आपण भागधारक. इथे घर आणि जमीन तुमची, एचओएची फक्त सामाईक मालमत्ता. पण नियमांचं बाड काउंटीत जमिनीच्या कागदांसोबत नोंदलेलं असतं. घर घेतलं की सभासदत्व आपोआप येतं, सही करून नाकारता येत नाही. ते वाचायला एक शनिवार काढा. रंग, कुंपण, भाड्याने देणं, गाड्या उभ्या करणं, सगळं त्यात आहे.

आता पैसे. माझ्या मते निर्णय इथे व्हायला हवा, कचऱ्याच्या डब्यावर नाही.

आमच्याकडे २१४ घरं. वर्षाला ६०० डॉलर वर्गणी होती आणि नऊ वर्षं ती वाढवलीच नव्हती. दर वार्षिक सभेत "यंदाही वाढ नाही" म्हटलं की टाळ्या. मी आले त्या वर्षी पूलचं प्लास्टर सुटायला लागलं, पंपही गेले. दुरुस्तीचं कोटेशन ९४,००० डॉलर. राखीव निधीत होते ३१,०००. उरलेले ६३,००० घरटी वाटले तर साधारण २९४ डॉलर. ती रक्कम तशी मोठी नाही, पण ज्यांनी दोन महिन्यांपूर्वीच घर घेतलं होतं त्यांनीही भरली, नऊ वर्षं पूल वापरून घर विकून गेले त्यांनी नाही. हा अन्याय मला आजही टोचतो. वर्गणी कमी असणं ही खूण चांगली असेलच असं नाही.

तुमची वसाहत अर्धीच बांधलेली आहे हे वाचून मी थबकले. अशा ठिकाणी बोर्ड बिल्डरच्या हातात असतं. ७५ टक्के प्लॉट विकले गेले की त्यानंतर १२० दिवसांच्या आत निदान एक तृतीयांश जागा रहिवाशांनी निवडून द्यायच्या, असा इथला कायदा आहे. तोवर तुमचं मत फारसं चालत नाही. घरं खपावीत म्हणून पुष्कळदा बिल्डर खर्चातली तूट स्वतः भरतो आणि वर्गणी कमी ठेवतो. तो निघून गेला की खरा आकडा कळतो. ९०० डॉलरमध्ये पूल, क्लबहाउस आणि पायवाट कशी चालते हे विचाराच. त्या बाजूच्या काही नव्या वसाहतींत पीआयडीचा (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे वसाहतीतल्या सार्वजनिक सोयींसाठी घरमालकांवर बसवलेला) आकारही असतो. तो एचओएपेक्षा वेगळा, आणि बहुतेकदा कितीतरी मोठा. घराच्या जाहिरातीत तो असेलच असं नाही, टॅक्सच्या कागदात बघा.

घर जुनं असेल तर रिसेल सर्टिफिकेट (घर विकलं जाताना एचओए देते तो दाखला) मागवा. त्यात चालू बजेट, ताळेबंद, राखीव निधीची रक्कम, मंजूर झालेली जादा वर्गणी, चालू खटले, सगळं द्यावं लागतं. सोबत गेल्या दोन वर्षांची बोर्डाची इतिवृत्तं मागा. मी तर आधी तीच वाचीन. माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते त्यात दिसतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एका बाईंचे यजमान अचानक गेले. वर्षभर त्या पत्रं उघडतच नव्हत्या. ६०० डॉलरची वर्गणी थकली, व्यवस्थापन कंपनीने ठरलेल्या क्रमाने पत्रं पाठवली, मग प्रकरण वकिलाकडे. आम्हाला कळलं तेव्हा आकडा २,४०० च्या पुढे गेला होता, त्यात बहुतेक वकिलाची फी. वर्गणी थकली तर एचओए घरावर बोजा चढवू शकते, पुढे घर लिलावातही काढू शकते. (फक्त दंड थकला असेल तर इथे लिलाव करता येत नाही, आणि लिलाव झालाच तर मालकाला १८० दिवसांत पैसे भरून घर परत मिळवता येतं.) थकबाकी हप्त्यांनी भरायची सोयही कायद्याने द्यावी लागते. त्या पत्रांत ती छापलेलीही होती. पण जी बाई पाकीटच उघडत नाही तिला त्याचा काय उपयोग?

त्यानंतर मी ठराव आणला: वकिलाकडे कागद जाण्याआधी बोर्डातल्या एकाने प्रत्यक्ष जाऊन दार वाजवायचं. तीनविरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. दोघं विरोधात का होते हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून मला विचाराल तर, एचओए चांगली की वाईट हे त्या पाच खुर्च्यांवर कोण बसलंय यावर आहे. त्या खुर्च्यांसाठी माणसं मिळत नाहीत, आमच्याकडे दोन वर्षं एक जागा रिकामीच होती. तिथे जाऊन बसायची तयारी असेल तर एचओएवालं घर घ्या.

तिसरामजला:

एक पुरवणी. वरचं सगळं स्वतंत्र घरांबद्दल आहे. कुणी कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) घेत असेल तर हिशेब फार गंभीर होतो, कारण तिथे छप्पर, खांब, लिफ्ट सगळं सामाईक. आम्ही फ्लोरिडात आहोत. २४ जून २०२१ ला सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांपुढे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी होती, त्यावर आधी बराच काळ वाद चालला होता. पुढच्याच वर्षी राज्याने तीन आणि त्याहून जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतींची ठराविक वयानंतर तपासणी आणि राखीव निधी किती लागेल याचा अभ्यास सक्तीचा केला. आमची वर्गणी त्यामुळे महिन्याला २१० डॉलरने वाढली. सभेत लोक ओरडत होते. मी वाढीच्या बाजूने हात वर केला, आणि शेजारच्या आजोबांनी मग महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. तरी पुन्हा वेळ आली तर हात वरच करीन.

उंबरठा:

सगळ्यांचे आभार, आणि जमाखर्चताई, तुमचे विशेष. तुमचं उत्तर मी काल बाबांना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. त्या बाईंच्या प्रसंगापाशी ते गप्प झाले. मग म्हणाले, आमच्याकडेही असं एकदा झालं होतं आणि मी यादीतून नाव काढलं नव्हतं. अकरा वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सेलायनाच्या सेल्स ऑफिसात आज विचारलं की बिल्डर वर्षाला किती तूट भरतो. तिथल्या मुलीला माहीत नव्हतं, सोमवारी कळवते म्हणाली. टॅक्सच्या कागदात पीआयडी मात्र निघाला: वर्षाला २,३०० डॉलर. नवऱ्याने तो आकडा दोनदा वाचला.

प्लेनोच्या घराचं इन्स्पेक्शन गुरुवारी ठेवलंय. आणि नवऱ्याच्या आग्रहाने एक तिसरं घरही बघतोय, अॅलनमध्ये, १९९८ ची वसाहत, एचओए आहे पण बोर्ड रहिवाशांचं. त्यांची पुढची सभा मंगळवारी संध्याकाळी आहे. एजंटने विचारून ठेवलंय, मागे बसून ऐकायला हरकत नाही म्हणाले. बाबा तेव्हा इथे पोचलेले असतील, आणि त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की तेही येणार. इंग्रजी भरभर बोललेलं त्यांना कळत नाही, पण ताळेबंदाची प्रत हातात द्या म्हणाले.