फर्मीच्या यादीतले १३३६ 'बेनाव' स्रोत: जागा कळते, मग वस्तू का कळत नाही?

बेतीची मुलगी: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅमा किरण (सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकाश) टिपणारी फर्मी दुर्बीण २००८ पासून अवकाशात आहे. तिच्या चौथ्या यादीत ५०६४ गॅमा स्रोत आहेत, आणि त्यांतले १३३६ नेमके काय आहेत तेच कळलेलं नाही म्हणे! असं का?

डिचोलीचे मास्तर: अगं, जागा कळते ती ठिपक्याएवढी नव्हे. गॅमा किरण भिंगाने गोळा होत नाहीत. फर्मीत ते टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, आणि त्या जोडीच्या वाटेवरून किरण कुठून आला ते काढतात. कमी ऊर्जेला त्यात काही अंशांची चूक राहते. पूर्ण चंद्र अर्धा अंश! त्यात आकाशगंगेच्या पट्ट्यातला वायू स्वतःच गॅमात उजळलेला.

आषाढात रात्री बेतीच्या धक्क्यावर उभी राहा. पावसात पणजीचे दिवे नुसते पसरलेले दिसतात. फेरीबोट कुठली, बार्ज कुठली, काही कळत नाही. पण बोयाचा (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा) दिवा लगेच सापडतो, कारण तो ठेक्यात लागतो-विझतो.

फर्मीने पहिल्याच वर्षी हेच केलं. वृषपर्वा तारकासमूहात सीटीए १ हे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. तिथून फर्मीला मिनिटाला साधारण एक किरण मिळायचा. आतला न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, ०.३१६ सेकंदांत एक गिरकी घेतो, म्हणजे दोन किरणांमध्ये १९० गिरक्या! तरी किरणांच्या वेळा जुळवून ठेका पकडला, तोही फक्त गॅमा किरणांवरून. मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हा हिशेब फळ्यावर मांडताना आजही अंगावर काटा येतो.

सत्तरीकर: जेमिंगा हा गॅमा स्रोत विसरू नका, सर. १९७२ मध्ये उपग्रहाला दिसला, पण तो पल्सार, म्हणजे असाच ठेक्यात किरण सोडणारा न्यूट्रॉन तारा, आहे हे कळायला १९९२ उजाडलं. मिलानच्या बोलीत या नावाचा अर्थ 'नाहीच तिथं'. आपल्या कोंकणीत म्हणू, 'थंय ना'!

बेतीची मुलगी: पण तारा जोडीदाराभोवती फिरत असेल तर ठेका पुढेमागे होईल ना, सर?

डिचोलीचे मास्तर: होतो, आणि तिथेच गॅमाचा हिशेब अडतो. मग रेडिओ कामी येतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशाच एका बेनाव स्रोतात २.१६ मिलिसेकंदांचा पल्सार शोधला. त्याची जोडी तीन तासांच्या आत एक फेरी मारते. तू फर्मीचा डेटा उतरवून घे, तो सगळ्यांना खुला आहे. सुरुवात जेमिंगापासून कर, त्याचे किरण भरपूर आहेत. अडलीस तर इथेच लिही.