मदत हवी आहे: मुलं तंत्र ओळखतात, त्याचा परिणाम सांगता येत नाही

सातवीला मन वळवणारी भाषणं तपासायला शिकवतेय. अ‍ॅरिस्टॉटलची त्रयी (वक्त्याची विश्वासार्हता, भावना, तर्क) मुलांना पाठ आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणाचा उतारा दिला, तर पुनरुक्ती सगळ्यांनी अधोरेखित केली. पण ती कशासाठी, असं विचारलं की उत्तर एकच: ‘परिणाम व्हावा म्हणून.’

रंगीत खुणा, तक्ते, जाहिरातींशी तुलना, सगळं करून झालं. पुनरुक्ती काढून तोच उतारा मोठ्यानं वाचला तेव्हा मात्र दोघी-तिघी थबकल्या. तो धागा मला सोडायचा नाहीये. तास ४० मिनिटांचा, मुलं ३५, बरीच जण लिहायला कचरतात. त्यामुळे तोंडी कृती असेल तर उत्तम. ‘हे तंत्र आहे’ इथून ‘यामुळे ऐकणाऱ्याला असं वाटतं’ इथवर नेणारा कोणता नेमका प्रश्न तुमच्या वर्गात चालला?