तुमच्या डोक्यात जाणारा समालोचक कोण?

आखूडटप्पा
रविवारी सामना लावला होता. आई शेजारी वाती वळत बसलेली. दहाव्या षटकात वैतागून म्हणाली, "त्या मेल्याला जरा गप्प कर रे, चेंडू बॅटला लागल्याचा आवाजसुद्धा ऐकू देत नाही." केला आवाज बंद. पुढची पाच-सहा षटकं शांततेत बघितली आणि काहीही अडलं नाही. धावफलक पडद्यावर, चेंडूचा वेग पडद्यावर, कोण कुठे उभा आहे ते डोळ्यांसमोर. मग ती तीन माणसं खोलीत बसून इतका वेळ सांगत काय होती?

म्हणून हा धागा. आधी माझं मत. लोक पक्षपाताच्या नावाने बोंब मारतात, पण देशाच्या बाजूने बोलणाऱ्याचा मला राग येत नाही. मालकाच्या बाजूने बोलणाऱ्याचा येतो. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये प्रायोजक कंपनीच्या नावावरून षटकाराचा 'डीएलएफ मॅक्झिमम' झाला. एक साधा, सुंदर शब्द विकला गेला, आणि कसोटीत नाव कमावलेली माणसं चेहरा सरळ ठेवून तो नवा शब्द उच्चारत होती. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्यात समालोचन करशील का, अशी ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार इयन चॅपलला विचारणा झाली. संघनिवड, भारतीय क्रिकेट मंडळाचा कारभार आणि डीआरएस (पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने पुन्हा तपासायची पद्धत) यांवर बोलायचं नाही, ही अट कळल्यावर त्याने काम नाकारलं. गावसकर आणि शास्त्री तेव्हा मंडळाच्या करारावरच होते. ज्याची खावी पोळी...

याउलट रिची बेनॉ आठवा. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता आणि ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला. बेनॉ ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार, चॅनेलही ऑस्ट्रेलियाचं. तरी त्याने तिथल्या तिथे, थेट प्रक्षेपणात, हे लाजिरवाणं आहे असं सुनावलं. आपल्याकडे असं कोण करेल, नाव सांगा.

नॉनस्ट्रायकर
धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर: माजी कसोटीपटू संजय मांजरेकर. पुढचे सगळे प्रतिसाद वाचायची गरज नाही.

माटुंग्याचा_खडूस
@नॉनस्ट्रायकर, असहमत. आणि @आखूडटप्पा, तुम्ही नाव विचारलंत ना, घ्या: तोच मांजरेकर. २०१९ च्या विश्वचषकात जाडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू म्हणाला, म्हणजे थोडं हे, थोडं ते. देशभर शिव्या खाल्ल्या. जाडेजाने ट्विटरवर जाहीर सुनावलं. मग उपांत्य सामन्यात ६ बाद ९२ वरून त्याने ५९ चेंडूंत ७७ काढल्या, तेव्हा याच माणसाने आपण चुकलो हे उघडपणे कबूल केलं. चुकलो म्हणणारा समालोचक तुम्ही किती वेळा बघितला आहे? आमच्या मैदानांवर मोठं कोण झालं तर तोंडावर 'काय टुकार फटका मारलास' असं ऐकून. शतक ठोकून आलास तरी म्हातारा कोच विचारणार, बाद का झालास? ही मुंबईची शाळा आहे. बाकीच्यांना ती उर्मट वाटते, त्याला माझा नाइलाज आहे.

मिडविकेटवाली
मुंबईची शाळा वगैरे ठीक आहे हो, पण नोव्हेंबर २०१९ विसरलात का? ईडनवर गुलाबी चेंडूची कसोटी. हर्षा भोगले म्हणाला, चेंडू नीट दिसतो का ते खेळाडूंना विचारायला हवं. त्यावर मांजरेकरांचा सूर असा, की तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलेलो आहोत, आम्हाला ठाऊक आहे. हा स्पष्टवक्तेपणा नाही, हा निव्वळ माज. (नंतर त्यांनी चूक मान्य केली हेही लिहिते, नाहीतर खडूस येतील लगेच.)

मला हे जास्त लागतं कारण मी कॉलेजात असताना तीन वर्षं क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलंय. प्रत्येक चेंडू वहीत उतरवायचा, आणि चर्चेत तोंड उघडलं की 'तू किती खेळलीस?' हर्षा किती खेळला हा प्रश्नच चुकीचा आहे. तो प्रश्न विचारतो आणि समोरच्याला बोलतं करतो, तेच त्याचं काम आहे. आणि बायका समालोचनात आत्ता आल्या असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू १९७० च्या दशकात समालोचन करत होती.

आखूडटप्पा
@खडूस, मांजरेकरचा मुद्दा मान्य, पण पुढची गोष्ट सांगितली नाहीत. मार्च २०२० मध्ये मंडळाने त्याला समालोचकांच्या पॅनेलवरून काढलं. मग त्याने मंडळाला लिहिलं, की तुम्ही घालून द्याल ते नियम मी पाळेन. म्हणजे सगळ्यात खडूस माणसालाही शेवटी हे लिहून द्यावं लागलं. माझा मुद्दा याहून वेगळा काय आहे?

हर्षाचंही तेच. २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमिताभ बच्चनने ट्विट केलं, की भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. नाव कोणाचंच नव्हतं. धोनीने त्याला जाहीर दुजोरा दिला. काही दिवसांत आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर हर्षा बाहेर, आणि कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी प्रत्येक समालोचकाने काय धडा घेतला असेल?

यारावाकाठचा
मेलबर्नहून लिहितोय, त्यामुळे 'परदेशातले समालोचक किती निष्पक्ष' हा जप चालू व्हायच्या आत थांबवतो. बेनॉ हा अपवाद होता हो! त्याच चॅनेलवर त्याच्याच शेजारी बिल लॉरी बसायचा, आणि व्हिक्टोरियाच्या खेळाडूने काही केलं की त्याच्या आनंदाला उधाण यायचं. लोकांना तो त्यासाठीच आवडायचा. डीन जोन्स आमच्या मेलबर्नचाच. २००६ मध्ये कोलंबोत जाहिरात चालू आहे असं समजून हाशिम आमलाला अतिरेकी म्हणाला. ते प्रक्षेपित झालं आणि नोकरी गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला ईसा गुहाने बुमराहचं कौतुक करता करता 'प्रायमेट' (माकड-वानरांच्या गटाचं नाव) हा शब्द वापरला, दुसऱ्या दिवशी थेट प्रक्षेपणात माफी मागितली. म्हणजे इथेही जीभ घसरते. फक्त घसरल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं.

आणि खरं सांगू? सगळ्यात पक्षपाती आपण प्रेक्षक आहोत. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात नासिर हुसेन म्हणाला, की भारताच्या क्षेत्ररक्षणात एक-दोन गाढवं आहेत. केवढा गहजब! कसोटी मालिका आपण ४-० ने हरलो होतो आणि क्षेत्ररक्षण बघून मी स्वतः घरी त्याहून वाईट शब्द वापरले होते. पण मी म्हटलेलं चालतं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ऋषभाचा_वळू
गावसकर कसे राहिले अजून? मेलबर्नला पंत तो झोपून मारायचा फटका मारून बाद झाला तर 'स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड'! हाच फटका बसला असता तर 'धाडसी'. ज्यांनी १९७५ च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून नाबाद ३६ काढल्या त्यांनी पंतला शिकवायचं??

माटुंग्याचा_खडूस
आला, ३६ आला. मी वाटच बघत होतो, कितव्या प्रतिसादात येतो त्याची.
बाळा, सहा महिन्यांत लीड्सला पंतने शतक मारलं तेव्हा 'सुपर्ब, सुपर्ब, सुपर्ब' कोण म्हणालं? तेच गावसकर. वाईटाला वाईट आणि चांगल्याला चांगलं म्हटलं, यात पक्षपात कुठे आला?

ट्रान्झिस्टर
माझं वय ७१. मला कोणाही एका माणसाचा राग नाही, एका गैरसमजाचा आहे. आम्ही सामना ऐकायला शिकलो आकाशवाणीवर. बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन चालू असायचं आणि पानाच्या दुकानापुढे पंधरा माणसं मान खाली घालून उभी. रेडिओवर बोलणाऱ्याला गप्प बसता येत नाही, तो गप्प बसला की मैदानच नाहीसं होतं. क्षेत्ररचना, वारा, गोलंदाज किती पावलं मागे गेला, सगळं शब्दांत. वडील बॉबी तल्यारखानांच्या गोष्टी सांगायचे. तो पारशी माणूस मुंबईतल्या चौरंगी-पंचरंगी (हिंदू, मुस्लिम, पारशी अशा धर्मवार संघांच्या) सामन्यांचं वर्णन दिवसभर एकटा करायचा, दुसऱ्याला माइक देणं त्याला मंजूरच नव्हतं.

टीव्हीवर चित्र दिसत असूनही हे लोक रेडिओसारखं बोलतात. 'चेंडू सीमारेषेपार गेला!' अरे, गेला ना, बघितला मी. जे मला दिसत नाही ते सांग. तो चेंडू आत का आला, शिवण कुठे होती, कर्णधाराने स्लिप का काढली. एवढं सांगून गप्प बस. तल्यारखान एकटे होते, यांना तिघांना मिळूनही सांगण्यासारखं काही सापडत नाही.

पोळपाट
ट्रान्झिस्टर काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही सगळे सोफ्यावर बसून सामना बघताय हे लक्षात येतंय का? माझा सामना स्वयंपाकघरात असतो. संध्याकाळी साडेसातला पहिला चेंडू पडतो आणि तेव्हाच माझा तवा चढलेला असतो. नवरा आणि मुलगा टीव्हीपुढे. मला भिंतीपलीकडून फक्त आवाज येतो. हे तिघं जे 'उगाच' ओरडतात ना, त्यावरून मला कळतं धावत जायचं की पोळी उलटायची. आवाज चढला की झेल उडालाय. शास्त्रींचा 'ट्रेसर बुलेट' आला की चौकार. तुमचे ते बेनॉसाहेब मोक्याच्या क्षणी शांत बसत म्हणे. माझ्या तर पोळ्या करपल्या असत्या.

मिडविकेटवाली
@पोळपाट 😂 इतकी वर्षं या विषयावर वाद घालतेय, हा मुद्दा कधी सुचला नव्हता.

नॉनस्ट्रायकर
ते मराठी समालोचनाचं काय मग? २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल मराठीत आलं. मी हौसेने लावलं. 'यष्टिरक्षक', 'पायचीत' ऐकून बरं वाटलं. पण अर्धा वेळ हिंदीतली वाक्यं मराठीत ओतल्यासारखी, आणि शांतता नकोच म्हणून ओढूनताणून विनोद.

माटुंग्याचा_खडूस
पण एक किस्सा मात्र फक्त मराठीतच घडू शकला. केदार जाधव त्याच वर्षी तिथे मराठीत समालोचन करत होता. हंगाम अर्ध्यावर असताना बंगळुरूचा डेव्हिड विली जखमी झाला आणि बदली म्हणून केदारला थेट संघात घेतलं! माइक ठेवला, बॅट उचलली. आता याला 'तू किती खेळलास' कोण विचारणार?

आखूडटप्पा
@पोळपाट, तुमच्यामुळे माझी पंचाईत झाली. मी फक्त स्वतःच्या खुर्चीतून बघत होतो हे मान्य. तरी षटकाराचं नाव प्रायोजकाला विकल्याने तुमची पोळी कशी वाचते ते सांगा. आवाज चढवा, जरूर चढवा, पण विकलेला नको. बाकी चॅपलने नाकारलेल्या अटींवर अजून कोणी बोललेलं नाही. सगळे मांजरेकर आणि गावसकर करत बसलेत. (मंडळाला हेच हवं असणार, असं आपलं मला वाटतं.)

यारावाकाठचा
अटींवर बोलतो. चॅपलला नाकारणं परवडलं, कारण त्याला घरी दुसरं काम होतं. भारतात निवृत्त खेळाडूने मंडळाचं पॅनेल नाकारलं तर तो जाणार कुठे? भारतातल्या मालिकांचं चित्रीकरण मंडळाचं, समालोचकांची निवडही त्यांच्याच हातात. आपण माणसाला शिव्या घालतो, पण दुकान एकच आहे.

ऋषभाचा_वळू
एवढं गंभीर कशाला? आमच्याकडे मोबाइलवर सामना अर्धा मिनिट मागे चालतो. वरच्या मजल्यावरचे ओरडले की कळतं विकेट पडली, समालोचक नंतर सांगतो. आमचे खरे समालोचक वरच्या मजल्यावरचे काका. तेही मुंबई इंडियन्सचेच, पक्षपाती.

आखूडटप्पा
ताजी खबर: आत्ता सामना लावला आणि आवाज बंदच ठेवला. चौथ्या षटकात आई म्हणाली, "आवाज का नाही रे? तो मेला काय म्हणतोय ते तरी कळू दे."