टोळीतल्या पोराचं नाव इकडच्या अंगणवाडीत घालता येतं का?

गिरणवाली (निपाणीजवळ)

आमच्या मागच्या रानात बीडकडची ऊसतोडीची टोळी उतरलीय, बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी. दिवाळीपासून आहेत. बायका दळण घेऊन माझ्या गिरणीत येतात, तेवढीच ओळख. त्यातल्या एकीचं पोर पावणेदोन वर्षांचं. परवा माझी बांगडी काढून त्याच्या हातात घातली, तर सरळ खांद्यापर्यंत गेली. केस तांबूस, पोट पुढं. रडतसुद्धा नाही हो, नुसतं बघत बसतं. आईबाप पहाटे तीनला फडात, ऊस तोडायला, जातात, मग दिवसभर तेरा वर्षांची बहीण त्याला कडेवर घेऊन फिरते.

मीच त्याला अंगणवाडीत घेऊन गेले. टीचर म्हणाल्या, "अक्का, आधार तिकडचं, महाराष्ट्रातलं, आमच्या कर्नाटकातल्या यादीत नाव नाही. एखाद् दिवशी जेवायला घालीन, रोज कसं जमंल?" बाई वाईट नाहीत, मला भांडायचंही नाही. पण खरंच नाव घालता येत नाही का? आणि त्या बहिणीचं, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की लग्न आहे म्हणे. ते तिची आईच पीठ चाळता चाळता बोलून गेली.

जुनी सुपरवायझर (चिकोडी)

ताई, बांगडीवर जाऊ नका. ती धडधाकट पोराच्याही खांद्यापर्यंत चढते! अंगणवाडीत दंड मोजायची रंगीत टेप असते, ती लावायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला, तर ते तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघा. खड्डा तसाच राहिला, तर टेप काहीही सांगो, त्याच दिवशी दवाखाना.

नावाचं म्हणाल तर घालता येतं. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदीच्या अ‍ॅपमध्ये, स्थलांतरित लाभार्थ्यांची सोय आहे, आणि पोराचं स्वतःचं आधार लागतच नाही, आईचं चालतं. टीचरना जमत नसेल तर त्यांच्या सुपरवायझरना फोन लावायला सांगा. मी नोकरीत असताना असल्या फोनवर चिडायची, पण काम करून द्यायची.

दंड 11.5 च्या आत निघाला तर नुसत्या अंगणवाडीच्या जेवणानं भागायचं नाही. आरोग्य केंद्रात तपासून घ्या. भूक मेलेली असेल, पोर मलूल किंवा आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात, आई सोबत राहते. तिथं आधी पातळ औषधी दूध देतात, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. दया आली म्हणून तुम्ही एकदम तूप-केळी चारू नका. इतक्या वाळलेल्या पोराला ते झेपत नाही.

केजकर

मी टोळीतच वाढलेला. सुपरवायझर बाई, चौदा दिवस लिहायला सोपं आहे. आई गेली की कोयता मोडला. रोजचा खाडा उचलीत, म्हणजे आधी घेतलेल्या पैशात, चढतो आणि पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं, टोळी आणणाऱ्याकडं, यावं लागतं. म्हणून आई नाही म्हणंल. तिला निर्दयी समजू नका.

आधी मुकादमाला गाठा, तेही चार माणसांसमोर. पोराला काही झालं तर नाव त्याचंच खराब होतंय, हे त्याला बरोबर कळतं. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे मिळतात, तेही त्याच्यासमोरच सांगा. आणि कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, पत्र्याची पेटी असती, लसीकरणाचं कार्ड तिच्यात असतंय. ते घेऊनच निघा.

वकील (टिळकवाडी)

मुलीबद्दल बोलतो. अठराच्या आत लग्न होण्याचा धोका असलेली मुलगी बाल न्याय कायद्यात, 2015 च्या, 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते. म्हणजे लग्न लागायची वाट बघायची नाही. 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा, प्रकरण बाल कल्याण समितीकडं जातं. कर्नाटकानं तर आपल्या दुरुस्तीत बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवलाय. पण लग्न इथं थोडंच लावणार, ते गावी लावणार. तिकडं ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. गावाचं नाव आत्ताच विचारून ठेवा. टोळी एकदा उठली की मग कुणी सापडत नाही.

शाळेसाठी दाखला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. कन्नड शाळेत बसून ती काय शिकणार हा वेगळा प्रश्न. निपाणीकडं मराठी शाळा आहेत, तिथं विचारा.

गिरणवाली (निपाणीजवळ)

टीचरनी टेप लावली. 11.2. दोनदा मोजली, त्यांचाच चेहरा उतरला. नाव घातलंय, आजपासून पोर तिथं जेवतंय. आरोग्य केंद्रातनं चिठ्ठी मिळाली. मुकादम आधी हसला, मग माझे दीर आणि पाटील उभे दिसल्यावर "रविवारी पाठवतो" म्हणाला. आईनं पेटीतनं कार्ड काढून माझ्याकडं दिलंय. त्यावरचं गावाचं नाव मी लिहून घेतलंय.

1098 अजून लावला नाही. लावला आणि रविवारच्या आत कुणी चौकशीला आलं, तर मुकादम फिरंल आणि पोराचंही राहील, असं वाटतंय. काल ती पोरगी पिठाचा डबा उचलताना म्हणाली, "मावशी, आई दवाखान्यात गेली का मीच जाणार फडात. मोळ्या बांधता येत्यात मला."

वकीलसाहेब, आता आधी काय करू?