मदत हवी आहे: पुण्यात एचआयव्हीवर आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचीय, व्हिसा, पैसा आणि गोपनीयता कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजचा मायक्रोबायोलॉजी विभाग आणि एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्यांसोबत काम करणारी एक छोटी संस्था मिळून पुढच्या हिवाळ्यात पुण्यात तीन दिवसांची परिषद घेतोय. समितीत वयाने सगळ्यात लहान मीच, म्हणून सचिवपदाचं लोढणं अर्थातच माझ्या गळ्यात. अडीचशे-तीनशे लोक येतील, त्यात ४०-५० परदेशी, म्हणजे केनिया, युगांडा, नेपाळ, थायलंड आणि दोन-चार युरोपातले. पुणेच का, तर भोसरीला १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे (नाव बदललंय, पण आमच्या तोंडात अजून जुन्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'नारी'च), त्यामुळे या विषयातली माणसं इथे हाकेच्या अंतरावर मिळतात.

शास्त्रीय बाजूची मला काळजी नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (संशोधनाचे सारांश) मागवणं, नावं झाकून दोन-तीन जणांकडून मार्क देऊन घेणं, तोंडी किती आणि पोस्टर किती हे आमचे सर डोळे मिटून करतील. घोडं अडलंय ते बाकीच्या गोष्टींवर. एक तर व्हिसा, कोणी म्हणतं टुरिस्टवर बोलवा काय फरक पडतो, कोणी म्हणतं मेलात मग. दुसरं पैसे, एक युरोपियन फाउंडेशन थोडी मदत देतो म्हणतंय आणि दोन औषध कंपन्या स्टॉल मागतायत, यातलं काय घ्यावं काय नाही. आणि तिसरं, ज्यावर समितीत भांडण झालं ते म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांना बोलवायचं कसं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले समारोपाला एकाला 'मनोगत' द्या की झालं. मला ते अजिबात पटलं नाही, पण त्यांच्यापुढे ठेवायला मुद्दे हवेत. जाणकारांनी प्लीज लिहा.

खडकवासला_एक्सप्रेस
व्हिसाचं आधी सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. टुरिस्टवर बोलवायचा विचारही करू नका, इमिग्रेशनला पाहुण्याने खरं सांगितलं की तोही अडकतो आणि तुम्हीही. कॉन्फरन्स व्हिसा वेगळा असतो, त्याला तुमचं आमंत्रणपत्र, परराष्ट्र खात्याची राजकीय मंजुरी आणि गृहखात्याची इव्हेंट क्लिअरन्स अशी कागदं लागतात. खाजगी कॉलेज, सरकारी कॉलेज, ट्रस्ट यांना यातलं नेमकं काय लागू होतं ते गृहखात्याच्या पोर्टलवर आत्ताच बघून ठेवा. अफगाणिस्तानसारख्या देशातून कोणी येणार असेल तर दिल्लीहून आगाऊ मंजुरी लागते, ते नाव शेवटच्या महिन्यात यादीत घालू नका. आणि पत्रावर पासपोर्टमधलं नाव अक्षर न् अक्षर तेच पाहिजे. हे फालतू वाटतं पण अर्धे घोळ इथेच होतात.

मावळतीचा_वारा
व्हिसावरून या क्षेत्रात आधी काय काय होऊन गेलंय ते तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना वाचून दाखवा. अमेरिकेने १९८७ ला एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी केली होती, त्यावरून १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेवर कितीतरी संस्थांनी बहिष्कार टाकला. १९९२ ची बोस्टनला ठरलेली, ती उचलून अ‍ॅमस्टरडॅमला नेली. बंदी उठली २०१० च्या जानेवारीत, तेव्हा कुठे २०१२ ला परिषद वॉशिंग्टनला परत गेली. आणि तेव्हाही देहविक्रय करणाऱ्या आणि ड्रग्ज घेणाऱ्या लोकांना अमेरिकेचा व्हिसा मिळण्याची मारामार होतीच, म्हणून देहविक्रय करणाऱ्यांनी त्याच आठवड्यात आपल्या कोलकात्यात स्वतःचा समांतर मेळावा भरवला. २०२२ ला माँट्रियलला पुन्हा तेच, आफ्रिकेतल्या कितीतरी जणांचे व्हिसा नाकारले नाहीतर वेळेत आलेच नाहीत. म्हणजे ज्या देशांत आजार सगळ्यात जास्त तिथलेच लोक बाहेर. तुमच्या यादीत केनिया, युगांडा आहे म्हणून सांगते, त्यांची पत्रं सगळ्यात आधी पाठवा, युरोपवाले नंतरही चालतील. आणि तरी कोणी अडकलंच तर ऑनलाइन बोलायची सोय पहिल्यापासून ठेवा, ऐनवेळी लॅपटॉपचा कॅमेरा स्टेजकडे वळवून नाही.

हिशेबनीस
पैशाचं. परदेशी फाउंडेशनची मदत म्हणजे परदेशी योगदान, म्हणजे एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा). कॉलेजकडे नोंदणी आहे की त्या संस्थेकडे ते आधी विचारा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचं बंद झालंय, आणि पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच उतरावे लागतात. दोघांकडेही नोंदणी नसेल तर सरळ फाउंडेशनला सांगा की आम्हाला देऊ नका, तुमच्या वक्त्यांची तिकिटं तुम्हीच काढा. यावर मात्र सीएला विचारूनच पुढे जा, माझ्या भरवशावर राहू नका. परदेशी पाहुण्यांच्या नोंदणी फीचंही त्यालाच विचारा, ती देणगीत धरायची नसते.

औषध कंपन्या: स्टॉल द्या, भाडं घ्या, पावती द्या. पण डॉक्टरांची विमानं-हॉटेलं त्यांच्याकडून नकोत. मार्च २०२४ च्या मार्केटिंग संहितेनुसार वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवास आणि राहणं कंपनीने करायचं नाही. कार्यक्रम कोणता, वक्ता कोण हेही त्यांना ठरवू देऊ नका, मागतात हां ते, गोड बोलून. आणि मोठ्या देणगीदारांची आशा धरू नका, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हापासून या क्षेत्रात सगळ्यांचेच खिसे उलटे झालेत.

निळीशाई
तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे आणि अशा बऱ्याच परिषदांना गेलेय. समारोपाचं मनोगत म्हणजे काय असतं माहितीये, आम्ही रडायचं, तुम्ही टाळ्या वाजवायच्या आणि लगेच चहा. १९८९ ला माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत कार्यकर्ते उद्घाटनाच्या स्टेजवरच चढले होते, त्याला आता किती वर्षं झाली. १९९४ ला पॅरिसला बेचाळीस देशांनी लिहून दिलं की एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सहभाग प्रत्येक पातळीवर हवा. तर मग समितीत घ्या, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तपासायला बसवा, सत्राचं अध्यक्षपद द्या. आणि त्या कामाचं मानधन डॉक्टरला देता तेवढंच.

आता बारीकसारीक, जे कोणाच्याच लक्षात येत नाही. एका परिषदेला मी विमानतळावरून बाहेर आले तर ड्रायव्हर हातात पाटी घेऊन उभा, वर मोठ्या अक्षरात 'एड्स परिषद' आणि खाली माझं पूर्ण नाव. शेजारीच आमच्या गल्लीतलं एक कुटुंब मुलाला घ्यायला आलेलं. मी त्या पाटीसमोरून सरळ चालत गेले आणि रिक्षा केली. तेव्हा पाटीवर परिषदेचं नाव नको, नुसता लोगो ठेवा. हॉटेलच्या लॉबीतल्या बोर्डाचंही तेच. फोटो नको असलेल्यांना वेगळ्या रंगाची गळपट्टी द्या आणि तो रंग फोटोग्राफरला, वार्ताहरांना आणि तुमच्या स्वयंसेवक पोरांनाही सांगा, कारण स्टेटसला फोटो तेच टाकतात. प्रवासखर्चाच्या एक्सेलमध्ये 'पॉझिटिव्ह' असा रकाना कोणीतरी हमखास करतं आणि ती फाइल अकाउंट्सपासून ट्रॅव्हल एजंटपर्यंत फिरते. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे (लागू झाला सप्टेंबर २०१८ ला), लेखी संमतीशिवाय कोणाचं एचआयव्ही स्टेटस उघड करता येत नाही, एवढं सांगितलं तरी समिती गप्प बसेल. ऑफिसात रजेसाठी पत्र लागणाऱ्यांना कॉलेजच्या साध्या लेटरहेडवर 'शैक्षणिक परिषद' एवढंच लिहून द्या. आणि एक शांत खोली ठेवा, गोळी घ्यायला, जरा आडवं व्हायला.

खडकवासला_एक्सप्रेस
+१. पाटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नसता.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, निळीशाई ताई तुमची पोस्ट प्रिंट काढून काल बैठकीत वाचली (तुमचं टोपणनावही न सांगता). मनोगत रद्द झालं. समितीत एचआयव्हीसह जगणारे तिघं येतायत, त्यातल्या एक अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या परीक्षणात बसतील, सरांनी थोडी कुरकुर केली पण मानलं. एफसीआरए संस्थेकडेच निघाली, कॉलेजकडे नाही, म्हणून युरोपातले पैसे त्यांच्या खात्यावर आणि तो खर्चही तेच करणार, सीएने हेच बरं म्हणून सांगितलं.

आता एक राहिलंय. गावातून येणाऱ्या बायकांना इंग्रजी सत्रं कळावीत म्हणून मराठी दुभाषी हवेत, काचेच्या केबिनमध्ये बसून हेडफोनवर सांगणारे. कोर्टातला अनुवादक चालेल असं एक सदस्य म्हणतायत पण 'व्हायरल लोड' (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) आणि 'रेझिस्टन्स' (विषाणूने औषधाला दाद न देणं) चालू भाषणात सांगायचं म्हणजे वेगळंच काम आहे. पुण्या-मुंबईत असं काम केलेलं कोणी इथे आहे का, आणि दिवसाचा रेट साधारण काय असतो? एका केबिनला दोघं लागतात म्हणे, अर्ध्या तासाने आलटून पालटून, म्हणजे बजेट दुप्पट धरू का?