युद्ध चालू असतानाच्या मुलाखतींतली नावं: ठेवायची की झाकायची?

इरावती_प
नमस्कार मंडळी. रशियन येत असल्यामुळे मी एका आंतरराष्ट्रीय गटासाठी युक्रेनमधल्या मुलाखती ऐकून टाइप करते. मुलाखती घेणारे युक्रेनियन, सर्व्हर पश्चिम युरोपात, आणि टाइप करणारे आम्ही जगभर पांगलेले.

सध्या एका मुलाखतीवर अडकले आहे. बाई खेरसोन प्रांतातल्या, नीपर नदीच्या डाव्या काठावरच्या. खेरसोन शहर नोव्हेंबर २०२२मध्ये सुटलं, पण त्यांचं गाव रशियाच्याच ताब्यात राहिलं. त्या बाहेर पडल्या, वडील तिथेच आहेत. संमतीपत्रावर सही आहे. बराच वेळ त्या शांतपणे बोलतात आणि मग एकदम गावातल्या शिक्षिकेचं नाव-आडनाव घेऊन म्हणतात, "यादी हिनेच दिली." कसली यादी, यांना कुठून कळलं, काही नाही. मुलाखत घेणारीही विचारत नाही. तिचा पुढचा प्रश्न थेट बस कुठून मिळाली, हा!

वडिलांचा भाग झाकायचा, हे उघड आहे. शिक्षिकेचं काय? आमचा समन्वयक म्हणतो, शब्दशः लिही, आपण न्यायाधीश नाही. भागीदार संस्था म्हणते, युरोपच्या डेटा कायद्यामुळे नाव काढच. दोघांचंही पटत नाही. युक्रेनमध्ये मार्च २०२२पासून शत्रूला साथ देणं हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. शाळेत रशियाचा अभ्यासक्रम राबवणंसुद्धा त्यात येतं. उद्या गाव सुटलं, तर मी टाइप केलेल्या एका ओळीवरून कुणाच्या दारात पोलीस उभे राहतील. आणि बाई खरं बोलत असतील तर? मग नाव काढून मी कुणाला वाचवतेय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
नाव ठेवा. कीव्हजवळच्या बुचामध्ये रशिया म्हणत होता की नागरिकांचे मृतदेह आमचं सैन्य गेल्यावर आणून टाकले. याब्लुन्स्का रस्त्यावरचे मृतदेह रशियाचं सैन्य तिथे असतानाच्या, मार्च २०२२मधल्याच उपग्रह छायाचित्रांत दिसले आणि थाप उघडी पडली. तेव्हा कुणी झाकाझाक करत बसलं असतं तर?

धोंडोपंत
तिरकस, उपग्रहाला वडील नसतात.

इरावती, तुमचे दोघे एकाच प्रतीवरून भांडतायत. प्रती दोन करा. मूळ ध्वनिमुद्रण आणि शब्दशः मजकूर हॅश (फाईल नंतर बदलली तर कळावं म्हणून काढलेला तिचा अंकी ठसा) काढून कुलपात. अभ्यासकांना जाणाऱ्या प्रतीत फक्त "गावातील शिक्षिका". झाकणं म्हणजे पुसणं नव्हे.

मला खटकतंय ते वेगळंच. सप्टेंबर २०२२मध्ये युरोजस्ट (फौजदारी तपासात देशांचं सहकार्य घडवणारी युरोपीय संघाची संस्था) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नागरी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख असा की सविस्तर जबाब शक्यतो तपासयंत्रणांनाच घेऊ द्या. साक्षीदार चार जणांपुढे चारदा बोलला की तपशील इकडेतिकडे होतात, आणि बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. शिवाय त्या माणसाला तेच परत परत उगाळावं लागतं ते वेगळंच. तुमची मुलाखत इतिहासासाठी आहे की खटल्यासाठी? हे बाईंना कुणी सांगितलं होतं का?

मैत्रेयी
धोंडोपंतांशी बव्हंशी सहमत, पण कुलपावर इतका भरवसा नको. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात मुलाखती देणाऱ्या, उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांना शब्द दिला होता की जिवंतपणी तुमच्या टेप बाहेर येणार नाहीत. २०११मध्ये ब्रिटिश तपासासाठी अमेरिकेत समन्स निघालं आणि काही टेप द्याव्या लागल्या. २०१९मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने एका खटल्यात त्याच टेप पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असं ठरवलं. म्हणजे गुप्तता गेली ती गेलीच, वर पुरावाही टिकला नाही. देशादेशांतलं सहकार्य म्हणतात ते हेही असतं.

आणि सही बाईंची आहे. शिक्षिकेची नाही, वडिलांचीही नाही.

तिरकस
बरं, उपग्रहाचं मान्य. पण मग यादीतल्या लोकांचं काय? त्यांच्या घरच्यांनी विचारलं तर "राखीव प्रत आहे" म्हणणार?

इरावती_प
तिरकस, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण मीच परस्पर ठरवायचं नाही एवढं कळलं.

धोंडोपंत, संमतीपत्र पुन्हा वाचलं. "संशोधन, शिक्षण व अन्य योग्य कारणे". या "अन्य"मध्ये काहीही मावेल. समन्वयकाला कळवलं आहे: अभ्यासकांच्या प्रतीत शिक्षिकेचं नाव नको, गावाचंही नको, कारण एवढ्याशा गावात शिक्षिका म्हटलं तरी लोक ओळखतील. आणि मुलाखत घेणारीने बाईंना विचारावं की हे सरकारी वकिलांना सांगायचंय का. "हो" म्हणाल्या तर त्या तिथेच काय ते सांगतील, आमच्या फाईलमधून कुणी उचलायला नको.

मैत्रेयी, बेलफास्टचं माहीत नव्हतं. सर्व्हर ज्या देशात आहे तिथल्या न्यायालयाने फाईल मागितली तर आपण काय करणार, हेही त्याच मेलमध्ये विचारलं. बाकी सगळ्यावर लगेच उत्तर आलं, यावर नाही. कुणी अशा संग्रहाच्या करारात याबद्दलचं कलम पाहिलं आहे का? नमुना मिळाला तर हवा आहे.