टोकियो सोडून फुकुओकाला गेलं तर खरंच पैसे उरतात का?

कासाईकर
नवरा-बायको आणि ४ वर्षांची मुलगी. निशी-कासाईत ६ वर्षं झाली. दोन खोल्या नि स्वयंपाकघर, भाडं १,३८,००० येन. फुकुओकाहून नोकरीची ऑफर आहे, पगार वर्षाला ७ लाखांनी कमी. एजंट म्हणतो, तिकडे याहून मोठं घर ८८,०००ला मिळेल. म्हणजे भाड्यातच वर्षाला ६ लाख सुटले, आणि कमी पगारावर करही कमी. मला जमतंय असं वाटतं. सौ. म्हणते, तुझी हिशोबाची वही तिकडच्या बिलांनी वाचलेली नाही. तिकडे राहणाऱ्यांनी सांगा.

हाकाताची_सून
सौ.ना नमस्कार सांगा. आम्ही ३ वर्षांपूर्वी हीच वही घेऊन आलो.

भाडं एजंट म्हणतो तेवढंच आहे, पण घर बघताना खोल्या मोजण्याआधी विचारा: "तोशी गास की पुरोपान?" पाइपाचा गॅस की बाहेर ठेवलेल्या टाक्यांचा. प्रोपेनचा दर विकणारा ठरवतो आणि विकणारा कोण ते घरमालक ठरवतो. आपण फक्त भरायचं. पहिल्या जानेवारीत आमचं बिल १६,४०० आलं. टोकियोत ७,०००च्या वर कधी गेलं नव्हतं, आणि रोज टब भरून अंघोळीची चैन तिथलीच. वीज इथे जरा स्वस्त आहे, इथल्या क्यूशू बेटावरच्या गेन्काई आणि सेन्दाईच्या अणुभट्ट्या चालू असल्याने. पण टब विजेवर तापत नाही.

करही लगेच कमी होत नाही. रहिवासी कर मागच्या वर्षीच्या कमाईवर असतो, त्यामुळे टोकियोच्या पगाराचा कर इथल्या पगारातून भरला. फार जड गेलं ते वर्ष.

मुलीचे महिना ५,००० येन मिळतात ना? ते टोकियो महानगराचे. पत्ता बदलला की बंद. देशाचा बालभत्ता तेवढा चालू राहतो.

घर मेइनोहामाच्या, म्हणजे मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाच्या, पलीकडे घेतलं, म्हणून गाडी आली. पार्किंग ७,०००, शिवाय दर २ वर्षांनी शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, त्याचं बिल बघून यांनी आठवडाभर चहात साखर घेतली नाही.

मासळी मात्र काय सांगू! इथला साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ. कोकम नि ज्वारीचं पीठ अजून टोकियोहूनच मागवते.

बर्फातला_पुणेकर
प्रोपेनला काय रडताय? साप्पोरोत या. आमच्याकडे घर तापवायला रॉकेलचा टँकर दारात येऊन टाकी भरून जातो. भाडं तुमच्याहून कमी, पण हिवाळ्यात ते कुठे वाचलं ते शोधूनही सापडत नाही.

तेन्जिन_३
कासाईकर, गाडी टाळायची तर मेट्रोच्या नानाकुमा लाईनवर बघा, रोप्पोनमात्सु किंवा बेफू. २०२३पासून ती थेट हाकाता या मुख्य रेल्वे स्टेशनला जाते. भाडं ८८,०००च्या वर जाईल, तरी गाडीपेक्षा परवडेल.

कासाईकर
एजंटला फोन केला. आधी बाल्कनीचं कौतुक, मग किती ऊन येतं ते. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, पुरोपान. फोन स्पीकरवर होता. सौ. भाजी चिरत होती, तिने नुसती वही माझ्याकडे सरकवली.

रोप्पोनमात्सुची घरं बघतोय आता.